मिस्सेला गाडीतून नेणे गुन्हा ठरते तेव्हा



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्याला बालपणापासून पाठ आहे. पाठ असल्यामुळेच त्यातला एक तपशील आपल्या नजरेतून निसटतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. तो स्वतः खाली उतरला, त्या माणसाला आपल्या जनावरावर चढवले, उतारशाळेत नेले आणि राहण्याचे पैसे भरले. आजच्या कायद्याच्या भाषेत सांगायचे, तर त्याने एका अनोळखी माणसाची वाहतूक केली, त्याला आसरा दिला आणि त्याच्या राहण्याची सोय केली. तू कोणत्या गावचा, तुझ्याकडे कागदपत्रे आहेत का, हे त्याने विचारले नाही.

नेमक्या याच गोष्टी काही परिस्थितीत गुन्हा ठरवणारे कायदे अमेरिकेतील काही राज्यांनी गेल्या वीस वर्षांत केले. त्यांना न्यायालयात आव्हान दिले गेले. आव्हान देणाऱ्यांमध्ये आपल्या ख्रिस्तसभेचे बिशपही होते. या आठवड्याच्या अभ्यासासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. तो दूरचा वाटेल. पण ज्या घरातले कोणीही आखातात, कॅनडात, इंग्लंडात वा ऑस्ट्रेलियात नाही, असे घर आपल्याकडे आता शोधावे लागते. परक्या देशात कागदपत्रांची मुदत संपणे म्हणजे काय, याची धास्ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. शिवाय या कायद्यांमागचा प्रश्न कोणत्याही देशातल्या ख्रिस्ती माणसाचा आहे. कायदा आणि दया समोरासमोर उभे राहिले, तर आपण काय करायचे?

कायदा काय सांगत होता?

अमेरिकेत देशात कोणी यावे, कोणी राहावे, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. आपल्याकडेही तसेच आहे. आपल्या संविधानाच्या सातव्या परिशिष्टात नागरिकत्व, परकीय नागरिक, पासपोर्ट आणि व्हिसा हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. बेकायदा आलेल्या किंवा राहिलेल्या माणसाला लपवणे, त्याची ने-आण करणे यासाठी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९५२ पासूनच शिक्षा आहे. मात्र ने-आणीच्या बाबतीत त्या कायद्यात एक महत्त्वाची अट आहे. ती ने-आण बेकायदा वास्तव्याला पुढे नेण्यासाठी केलेली असली पाहिजे. या अटीचा अर्थ न्यायालयांनी हळूहळू स्पष्ट केला. १९७७ मध्ये एका मुकादमाचा खटला अपील न्यायालयापुढे आला. तो कामगारांना कामाच्या जागी गाडीतून नेत असे, आणि त्यांच्यापैकी काहींकडे कागदपत्रे नाहीत हे त्याला माहीत होते. न्यायालयाने म्हटले की एवढ्यावरून गुन्हा होत नाही. ने-आण आणि बेकायदा वास्तव्य यांचा थेट आणि ठोस संबंध दिसला पाहिजे.

पुढे काही राज्यांना वाटू लागले की केंद्र सरकार आपले काम नीट करत नाही, तेव्हा आपणच कायदे करावेत. २०१० मध्ये ॲरिझोनाने, २०११ मध्ये जॉर्जिया, अलाबामा आणि साउथ कॅरोलायना या राज्यांनी असे कायदे केले. त्यांत अलाबामाचा कायदा सर्वांत कडक मानला गेला. ९ जून २०११ रोजी गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी त्यावर सही केली. त्याच्या तेराव्या कलमाने कागदपत्रे नसलेल्या माणसाला लपवणे, आसरा देणे, राज्यात ने-आण करणे, राज्यात येण्यास उत्तेजन देणे आणि भाड्याने घर देणे हे सारे राज्याचे गुन्हे ठरवले. ती व्यक्ती बेकायदा राहते आहे हे माहीत असले तर गुन्हा. माहीत करून घेण्याची पर्वा केली नाही तरी गुन्हा. अशी माणसे दहा किंवा अधिक असतील, तर गुन्हा अधिक गंभीर. म्हणजे चर्चची लहान बस भरली, की गुन्हा मोठा झाला!

वास्तव्याला पुढे नेण्यासाठी केलेली ने-आण, असे शब्द या कलमातही होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांचा अर्थ आता कोण लावणार होते? राज्यातील प्रत्येक पोलीस ठाणे आणि प्रत्येक सरकारी वकील. एखाद्या कुटुंबाला रविवारी मिस्सेला नेणे म्हणजे त्याच्या वास्तव्याला हातभार लावणे होय की नव्हे? याचे खात्रीचे उत्तर कोणीही देऊ शकत नव्हते.

चार बिशप न्यायालयात

१ ऑगस्ट २०११ रोजी चार धर्माधिकाऱ्यांनी मिळून या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला. मोबील धर्मप्रांताचे आर्चबिशप थॉमस रोडी, बर्मिंगहॅमचे बिशप रॉबर्ट बेकर, एपिस्कोपल चर्चचे बिशप हेन्री पार्सली आणि युनायटेड मेथडिस्ट चर्चचे बिशप विल्यम विलिमन. तीन वेगळ्या पंथांचे चार बिशप एका दाव्यात एकत्र आले. त्याच दिवशी केंद्र सरकारनेही अलाबामाविरुद्ध आपला स्वतंत्र दावा दाखल केला. स्थलांतरितांच्या संघटना त्याआधीच न्यायालयात गेल्या होत्या.

आर्चबिशप रोडी यांनी आपल्या भाविकांना पत्र लिहून कारण समजावले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हा कायदा शब्दशः घेतला, तर कागदपत्रे नसलेल्या माणसाला स्नानसंस्कार देणे, त्याचे पापनिवेदन ऐकणे, त्याला रुग्णाभ्यंग देणे, देवशब्द सांगणे या गोष्टीही धर्मगुरूसाठी गुन्हा ठरू शकतात. त्याला मिस्सेला या म्हणणे आणि गाडीतून मिस्सेला आणणे हेही त्यातच आले.

येथे आपण एका गोष्टीकडे लक्ष देऊ या. या बिशपांनी रस्ते अडवले नाहीत. गुपचूप कायदा मोडून वर साळसूदपणे वावरा, असेही भाविकांना सांगितले नाही. कायदा अमलात येण्याआधीच ते उघडपणे न्यायाधीशांपुढे उभे राहिले आणि म्हणाले की हा कायदा आम्हांला आमचे सेवाकार्य करू देणार नाही, आपण तपासून पाहा. न्यायालयात जाणे म्हणजे कायद्याचा अनादर, असे आपल्याकडे काहींना वाटते. वास्तविक तोही कायद्याचा मान राखण्याचा एक मार्ग आहे. संत पौलालाही जेव्हा आपल्यावर अन्याय होतो आहे असे दिसले, तेव्हा त्याने रोमी नागरिक म्हणून थेट कैसराकडे दाद मागितली होती.

न्यायालयांनी काय ठरवले?

२८ सप्टेंबर २०११ रोजी न्यायाधीश शॅरन ब्लॅकबर्न यांनी केंद्र सरकारच्या दाव्यात तेराव्या कलमाला स्थगिती दिली. बिशपांना जे थांबवायचे होते, ते थांबले. मात्र कायद्यातील इतर काही कलमे त्या दिवशी तशीच राहिली आणि भीतीने अनेक घरांतील मुले शाळेतून गैरहजर राहू लागली.

२० ऑगस्ट २०१२ रोजी अपील न्यायालयाने अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही राज्यांतील ने-आण आणि आसऱ्याविषयीच्या कलमांवरील स्थगिती कायम केली. कारण असे दिले: या गुन्ह्यांचा पूर्ण आराखडा केंद्राच्या कायद्याने आधीच आखलेला आहे. कोणावर खटला भरायचा, कोणाला सोडायचे, हे केंद्राने ठरवायचे. प्रत्येक राज्याने त्यावर आपापले गुन्हे रचले, तर सारा आराखडाच कोलमडेल. अलाबामाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पण २९ एप्रिल २०१३ रोजी त्या न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याने समझोता केला आणि तेरावे कलम कायमचे बंद झाले. साउथ कॅरोलायनाचे तसेच कलमही २०१३ मध्ये अपिलात टिकले नाही.

ॲरिझोनाची गोष्ट थोडी निराळी आणि बोधप्रद आहे. तेथे एक महिला पाळक आपल्या मंडळीतील माणसांना नेहमी गाडीतून नेत असत. त्यांच्या मंडळीतील बहुतेक जणांकडे कागदपत्रे नव्हती. आपल्यावर खटला होईल ही त्यांची भीती खरी आहे, असे न्यायालयाने मान्य केले आणि त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे असे ठरवले. त्या कलमाचे शब्दही विचित्र होते. ‘गुन्ह्याचे उल्लंघन करणाऱ्या’ व्यक्तीला ते लागू होत होते. आता उल्लंघन कायद्याचे होते. गुन्ह्याचे उल्लंघन म्हणजे काय? ऑक्टोबर २०१३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की या शब्दांना अर्थच लागत नाही, आणि ज्याचा अर्थ सामान्य माणसाला कळत नाही असा फौजदारी कायदा टिकू शकत नाही. केंद्राच्या अधिकारात ढवळाढवळ हे दुसरे कारणही होतेच.

त्यानंतरही हा वाद संपलेला नाही. फ्लोरिडाने मे २०२३ मध्ये कायदा केला. तपासणी चुकवून देशात आलेल्या माणसाला राज्याबाहेरून फ्लोरिडात गाडीने आणले, तर प्रत्येक माणसामागे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल अशी त्यात तरतूद होती. पिकांच्या हंगामाप्रमाणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे शेतमजूर न्यायालयात गेले. त्यांची कुटुंबे मिश्र असतात; एकाच गाडीत एक जण नागरिक, दुसरा कागदपत्रांविना. २२ मे २०२४ रोजी न्यायाधीश रॉय ऑल्टमन यांनी या कलमाला प्राथमिक स्थगिती दिली. २०२५ मध्ये टेनेसी राज्याने आसरा देण्याविषयी कायदा केला, तेव्हा न्यायालयात जाणाऱ्यांत लुथरन चर्चचा प्रादेशिक विभाग होता, आणि जुलैमध्ये त्या तरतुदीलाही तात्पुरती स्थगिती मिळाली.

दुसरी बाजू

विषयाचा अभ्यास करायचा, तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २७ जून २०२२ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराजवळ रस्त्याच्या कडेला एक मालट्रक सापडला. उन्हाने तापलेल्या त्या बंद डब्यात स्थलांतरितांना कोंबले होते. त्यांपैकी ५३ जण मरण पावले. प्रत्येकाकडून पैसे घेऊन त्यांना गुरांसारखे वाहून नेणाऱ्यांना कायद्याने कठोर शिक्षा करू नये, असे कोण म्हणेल? हीसुद्धा वाहतूकच होती.

शिवाय प्रत्येक देशाला आपल्या सीमा सांभाळण्याचा अधिकार आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. सुस्थितीतील राष्ट्रांनी आपल्या कुवतीप्रमाणे परक्याला सामावून घ्यावे. शासनाला सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालता येतात. आणि येणाऱ्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत. अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी २००३ मध्ये मिळून जे पत्र काढले, त्यातही सीमा राखण्याचा राष्ट्राचा हक्क नाकारलेला नाही. तेव्हा कायदा करणारे सारेच क्रूर होते, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

कृती, हेतू आणि परिस्थिती

मग मिस्सेला नेणारी गाडी आणि तो मालट्रक यांत फरक काय? बाहेरून पाहिले तर दोन्हीकडे चाके फिरतात आणि आत कागदपत्रे नसलेला माणूस असतो. ख्रिस्तसभेची नीतिशिकवण सांगते की कोणतीही कृती तीन बाजूंनी तपासावी: प्रत्यक्ष काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. मालट्रकवाला माणसाच्या असहायतेवर पैसा कमावतो. त्याने केलेले कामच मुळात माणसाला माल समजणे हे आहे. शेजारणीला दवाखान्यात नेणारी बाई त्या असहायतेवर फुंकर घालते. पहिल्याला सीमा ओलांडून देण्यातच रस आहे. दुसरीला तापाने फणफणलेल्या मुलाची काळजी आहे.

दुसऱ्याच्या चुकीत आपण भागीदार कधी होतो, याविषयीही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. संत आल्फोन्सस लिगोरी यांनी ती विशेष स्पष्ट केली. दुसऱ्याच्या वाईट कृत्याला मनाने संमती देऊन हात लावला, तर आपण खरे भागीदार. पण आपण काही चांगले करताना त्याचा आडून कुठेतरी त्याला उपयोग झाला, तर तसे म्हणता येत नाही; मात्र आपल्याकडे तसे पुरेसे कारण असले पाहिजे. आमच्या मते १९७७ च्या निकालात न्यायाधीशांनी जवळजवळ हाच विवेक कायद्याच्या शब्दांत मांडला होता.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१२ रोजी ॲरिझोनाच्या कायद्यावरील निकालात नमूद केले की, सर्वसाधारणपणे कागदपत्रांविना देशात राहणे हा स्वतः फौजदारी गुन्हा नाही. चोरून सीमा ओलांडणे गुन्हा आहे. पण रीतसर येऊन व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलेला माणूस परत पाठवण्यास पात्र असतो, तेवढ्यानेच तो गुन्हेगार होत नाही. म्हणजे राज्यांच्या या कायद्यांनी काय घडू शकत होते? मागच्या सीटवर बसलेला गुन्हेगार नाही, आणि गाडी चालवणारा मात्र गुन्हेगार! संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी, ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने केलेली आणि जाहीर केलेली विवेकाची आज्ञा. या कसोटीवर हे कायदे दोन ठिकाणी अडतात. न्यायालयांनी सांगितले की ही जबाबदारी राज्याची नव्हती. आणि मालट्रकवाला व शेजारीण यांना एकाच मापाने मोजू शकणाऱ्या कायद्यात विवेक कमी पडतो, असे आम्हांला वाटते.

न्यायालयाने न सोडवलेला प्रश्न

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. न्यायालयांनी दयेच्या बाजूने कौल दिला, असे समजणे बरोबर नाही. त्यांनी मुख्यतः एवढेच ठरवले की हा अधिकार राज्याचा नसून केंद्राचा आहे. धर्मस्वातंत्र्याच्या ज्या मुद्द्यावर बिशप आले होते, त्यावर या निकालांची मदार नाही. उद्या केंद्रानेच असा कडक कायदा केला, तर हा युक्तिवाद हाती राहणार नाही.

आणि तसे पूर्वी घडलेही आहे. १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतील युद्धांतून पळालेल्या माणसांना ॲरिझोनातील चर्चच्या कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडून आणले आणि आसरा दिला. खटला केंद्रीय कायद्याखाली झाला. १ मे १९८६ रोजी तुसान येथे अकरापैकी आठ जण दोषी ठरले. त्यांत दोन कॅथलिक धर्मगुरू होते. आम्ही हे श्रद्धेपोटी केले, हे म्हणणे न्यायालयाने बचाव म्हणून स्वीकारले नाही. त्यांना तुरुंगवास झाला नाही, परिवीक्षेवर सोडण्यात आले. पण दोषाचा शिक्का राहिला. १९८९ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

म्हणून शेवटचा प्रश्न न्यायाधीश आपल्यासाठी सोडवत नाहीत. रोमकरांस लिहिताना संत पौल अधिकाऱ्यांचा मान राखा म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र सांगतो की माणसाच्या आणि देवाच्या आज्ञेत विरोध आला तर देवाचे ऐकावे. या दोन वचनांत भांडण नाही, क्रम आहे. आधी कायदा समजून घ्या. त्यात दोष असेल तर उघडपणे, योग्य ठिकाणी दाद मागा. आणि इतके करूनही दार बंद झाले, तर समोरच्या जखमी माणसाला रस्त्यावर टाकू नका. जी किंमत पडेल ती लपवाछपवी न करता सोसा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या बिशपांना स्थलांतरितांविषयी पत्र लिहिले, तेव्हा प्रेमाचा खरा क्रम शिकण्यासाठी त्यांनी दयाळू शोमरोन्याकडेच बोट दाखवले होते.

आपल्यासाठी

आपल्या वाड्यांत आणि पाड्यांत बाहेरून आलेली माणसे राबतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी आपल्याच घरात. कोणाचे रेशनकार्ड गावाकडे राहिलेले, कोणाचा भाडेकरार झालेलाच नाही. ते आपल्याच देशाचे नागरिक आहेत. त्यांना मदत करायला आपल्याला कोणताही कायदा अडवत नाही. अलाबामातील भाविकांना मिस्सेला शेजाऱ्याला आणताना भीती वाटत होती. आपल्याला ती भीती नाही. तरीही रविवारी सकाळी आपल्या गाड्यांतील किती जागा रिकाम्याच चर्चच्या आवारात येतात?

समूह-बैठकीत विचार करण्यासाठी

१. दयाळू शोमरोन्याने केलेल्या मदतीतील कोणती गोष्ट आपल्याला सर्वांत अवघड वाटते: थांबणे, सोबत नेणे की खर्च उचलणे?

२. एखादा कायदा आपल्याला अन्यायाचा वाटला, तर तो गुपचूप मोडणे आणि उघडपणे दाद मागणे यांत ख्रिस्ती दृष्टीने काय फरक आहे?

३. मदत करणारा आणि असहायतेवर पैसा कमावणारा यांतील फरक आपल्या गावातल्या व्यवहारांत कोठे दिसतो? घरभाडे घेताना, मजुरी देताना आपण कोणत्या बाजूला उभे असतो?

४. आपल्या वाडीत असे कोण आहे, ज्याला वाहनाअभावी मिस्सेला, दवाखान्यात किंवा सरकारी कचेरीत जाता येत नाही? या आठवड्यात त्याला कोण नेईल, ते बैठकीतच ठरवा.